पाणडुबीची पाठुंगळी

कॅमेऱ्याची किल्ली फिरवायला मी विसरलो. साधा डबा कॅमेरा होता. एक फोटो काढला की किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची, नाहीतर दुसरा फोटो पहिल्याच्याच उरावर बसतो. हे दुकानदाराने मला तीनदा बजावलं होतं. आणि मी शाळेत मुलांवर "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" म्हणून डाफरणारा मास्तर.

कॅमेरा सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेला. ते मनमाडला रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज हिरवा बावटा दाखवायचा नाही, ही सवय नोकरी सुटली तरी सुटली नव्हती. आणि त्यांना जावई मिळालो मी. इगतपुरीच्या घाटात गाडीच्या खिडकीतून वाघ पाहिला, असं मी पहिल्याच भेटीत त्यांना सांगून बसलो. त्यांनी घाटातल्या गँगमनकडे चौकशी केली. वाघ धनगराचा कुत्रा निघाला. तेव्हापासून मी "ऊन पडलंय" म्हटलं तरी ते उठून खिडकीशी जात.

नवरात्राच्या आधी ते पंचवटीला आमच्याकडे राहायला आले. जेवताना मी सहज सांगितलं की निफाडच्या पुढे गोदावरीला बंधारा घातलाय, तिथल्या तुंबलेल्या पाण्यात मला पाणडुबी दिसली, आणि तिची पिल्लं तिच्या पाठीवर बसून हिंडत होती.

सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला. "पाखराच्या पाठीवर?"

"हो. पंखांत शिरून बसतात. नुसती डोकी बाहेर."

"जावईबापू, या पाखराच्या गळ्यात धनगराने पट्टा नव्हता ना बांधलेला?"

मी मुकाट्याने भात कालवू लागलो. पण आमटी वाढायला आलेली बायको तिथेच थांबली.

"बाबा, वाघाचं मला तेव्हाच कळलं होतं. थाप मारायच्या आधी हे पाणी मागतात. आज मागितलं नाही. आज हे खरं बोलतायत."

"असं? मग फोटो आणू दे. नाही आणला तर तूही यांच्यातलीच झालीस असं मी समजेन."

ते हसत बोलले, पण तिचे कान लाल झाले. वडिलांना उलटून बोलताना मी तिला प्रथमच पाहत होतो, आणि बोलली ती कुणाच्या भरवशावर, तर माझ्या! माझं हसं झालं तर मला त्याची सवय होती. तिचं व्हायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दशम्या बांधून दिल्या. "पिल्लं नाही दिसली तर सरळ नाही दिसली म्हणून सांगा," ती म्हणाली. "पण दिसली तर फोटो आणल्याशिवाय येऊ नका."

निघता निघता सासरे काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालून दारात उभे. "कॅमेरा दिल्यापासून माझा एकही फोटो नाही. आधी माझा." मी त्यांचा फोटो काढला. तेवढ्यात टांगेवाला ओरडायला लागला, मी धावत सुटलो, आणि किल्ली राहिली ती राहिलीच.

बंधाऱ्याजवळ माझा एक शाळासोबती शेती करायचा. त्याच्याकडे होडी नव्हती, गुळाची काहील होती, उसाचा रस आटवायची भलीमोठी कढई. गुऱ्हाळ सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून त्याने ती पाण्यात लोटली. मी नवं पांढरं धोतर नेसून तिच्या काजळी धरलेल्या काठावर बसलो, हे ओघानेच आलं.

काहिलीला पुढा नाही, मागा नाही. वल्हं मारलं की ती गरकन फिरते. त्यात माझा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा, आणि त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. पाणडुबी दिसली की मी ओरडायचो "डावीकडे!", आणि सोबती इमानेइतबारे डावीकडे वळवायचा. काचेत पाणडुबीऐवजी त्याची म्हैस यायची.

"मास्तर," शेवटी तो म्हणाला, "तुमचं डावं लय येगळं हाय. पोरान्ला बी हेच शिकिवता?"

मग मी गप्प बसलो. त्यानेही वल्हं आत घेतलं. आम्ही दशम्या सोडल्या आणि काहील आपल्या मनाने वाहू लागली.

आम्ही असे निरुपद्रवी झाल्यावर ती लव्हाळ्यातून बाहेर आली. मुठीएवढा जीव, त्यावर तीन पिल्लं. पट्ट्यापट्ट्यांची डोकी तिच्या पंखांतून अशी डोकावत होती, की दुलईतून उठायचं नाही म्हणून हट्ट धरलेली पोरं आठवावीत. नर एवढासा मासा घेऊन आला. एक पिल्लू मान ताणताना घसरून पाण्यात पडलं, चूंचूं करत पुन्हा चढलं, आणि चढताना धाकट्याला तुडवून गेलं. ती हललीसुद्धा नाही. वल्हं लांब केलं असतं तर लागलं असतं, इतक्या जवळून ती गेली.

"पाठुंगळी," सोबती कुजबुजला. "आमची धाकटी बी अशीच. खाली ठिवली का रडती."

मी खटका दाबला. दाबल्यावर किल्ली आठवली. त्यापुढचे सगळे फोटो मी किल्ली अगदी आठवणीने फिरवून काढले. त्यांत पाणी आलं, काहिलीचा काठ आला, सोबत्याचा कान आला, आणि म्हैस तर फारच सुंदर आली.

धुऊन आलेले फोटो मी आधी स्वयंपाकघरात नेले. बायकोने म्हैस बाजूला सारली, कान बाजूला सारला, आणि एका फोटोपाशी थांबली. त्यात दारात सासरे ताठ उभे होते. टोपी होती तिथे मात्र चकाकतं पाणी पसरलं होतं, आणि बरोब्बर डोक्याच्या मधोमध पाणडुबी बसली होती, पाठीवर पिल्लांसकट. बायको पदर तोंडात कोंबून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"फाडून टाकू का?" मी विचारलं.

"खबरदार!" म्हणाली, आणि स्वतःच तो बाहेर घेऊन गेली. मी दाराआड उभा राहिलो.

सासऱ्यांनी चष्मा पुसला, उठून खिडकीशी गेले. मग बोटाने एकेक डोकं मोजलं.

"तीन आहेत. आणि पाठीवरच आहेत. पोरी, तुझं खरं."

दाराच्या फटीतून तिचा खुललेला चेहरा मला दिसत होता. मला धीर आला. मी बाहेर आलो.

सासऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"जावयाला डोक्यावर बसवून घेतलं, तेवढं पुरे नव्हतं का? त्याची पाखरंही बसवायची?"