मोतिया रेशीम आणि जांभळी बोटं

उन्हाळा सरत आला की टेलरबाईंची बोटं जांभळी व्हायची. बायकांचे कपडे शिवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि रस्त्यावरची फळं गोळा करण्यात त्याहून जास्त. रस्त्यावरची म्हणजे चोरीची नव्हेत. कुंपणाच्या आतलं मालकाचं, बाहेर लोंबलेलं हात पोचेल त्याचं आणि खाली पडलेलं मुंग्यांचं, असा त्यांचा कायदा होता. मुंग्यांच्या आधी पोचलं तर तेही आपलंच.

सकाळी मशीनवर बसण्याआधी त्या परसातल्या अंजिराखाली उभ्याउभ्याच दोन-तीन फळं खात. साल जरा उललेली, देठाशी चिकाचा थेंब, उन्हानं कोमट झालेलं अंजीर. ते सुरीनं कापून बशीत मांडणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. मग जुन्या छत्रीच्या कापडाची पिशवी कमरेला बांधून कालव्याकडे फेरी. तिथले रानटी आलुबुखार इतके आंबट, की नवरा एक तोंडात टाकून पाच मिनिटं डोळे मिचकावत बसे. त्यांचाच मुरंबा झाला की बरणी मात्र त्याच्या ताटाकडे सरकलेली असे.

धाकटी नणंद सरकारी कचेरीत होती आणि त्यांच्याकडेच राहायची. तिला हा सगळा प्रकार लाजिरवाणा वाटे. वहिनी एखाद्या झाडाखाली मान वर करून उभ्या दिसल्या की ती ओळख न दाखवता पुढे जाई. बाजारात फळं मिळतात हे अजून काही जणांच्या कानावर गेलेलं नाही, असं ती जेवताना भिंतीला सांगे. भिंतीनं आणि टेलरबाईंनी ते कधी मनावर घेतलं नाही.

फळं आणि कापड यांची गाठ त्यांनी कधी पडू दिली नव्हती. लिंबू आणि मीठ लावून हात धुतल्याशिवाय त्या सुईला शिवत नसत. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग नाही, हे त्या कोणी न विचारताही सांगत. आणि घोटाळा झाला तो नेमका हेडबाईंच्या ड्रेसवर.

हेडबाई शाळेतून निवृत्त होत होत्या. दुसऱ्या दिवशी निरोपाचा समारंभ होता. त्यासाठी शाळेतल्या शिक्षिकांनी मोतिया रंगाचं रेशीम आणून दिलं होतं, आणि दुकानात त्या ताग्याचं हातभरही कापड शिल्लक नव्हतं. ड्रेस तयार होता, फक्त बटणं लावायची होती. पाच वाजता हेडबाई घालून बघायला येणार होत्या. टेलरबाईंनी अकराच्या सुमाराला हातातलं काम ठेवलं, ओट्याशी जाऊन वाडग्यातली थोडी तुती खाल्ली, रीतसर हात धुतले, पुसले, नखं तपासली आणि येऊन बटणांच्या खुणा करायला मापाची टेप छातीच्या पट्टीवर टेकवली. टेप सकाळपासून गळ्यातच होती. शिवणकाम करणाऱ्या बाईला गळ्यातली टेप जाणवत नाही, जसा चष्मेवाल्याला चष्मा. वाडग्यावर वाकताना तिचं टोक तुतीत बुडालं होतं. मोतिया रेशमावर बोटभर लांब जांभळा डाग उमटला.

नणंदेला सुटी होती, त्यामुळे साक्षीदारही घरातच. ती आली, तिनं पाहिलं आणि तिच्या तोंडून पहिल्यांदाच टोमणा निघाला नाही. त्यावरूनच प्रकरण किती वाईट आहे ते टेलरबाईंना कळलं.

"फूल भरा त्यावर. मुद्दाम काढलंय म्हणून सांगायचं," नणंद हलक्या आवाजात म्हणाली.

"हेडबाईंना छातीवर फूल? त्यापेक्षा डाग बरा," टेलरबाई म्हणाल्या. "छत्री घे. वाकड्या मुठीची. आणि चप्पल घाल."

तुतीचा डाग पाण्यानं पसरतो, साबणानं निळा पडतो. त्याला उतारा एकच, कच्ची तुती. पिकलेली डाग पाडते, कच्ची काढते. पण उन्हाळ्याच्या शेवटी कच्ची तुती आणायची कुठून? टेलरबाईंनी चालता चालता गावातली झाडं एकेक करून डोळ्यांपुढे आणली. आजची तुती जिथून आणली होती, तिथं सगळी पिकलेलीच होती. टपालकचेरीसमोरचं कधीच संपलं होतं. कालव्याकाठचं पाखरांनी साफ केलं होतं. राहिलं बर्फाच्या कारखान्यामागचं. दिवसभर भिंतीच्या सावलीत आणि गारव्यात उभं असल्यामुळे ते तीन आठवडे मागं असायचं. त्याच्या फळाला गोडी नाही म्हणून टेलरबाई तिकडे फिरकत नसत.

झाडावर कच्ची तुती होती, पण वरच्या फांद्यांना. नणंदेनं छत्रीच्या मुठीनं फांदी ओढून धरली आणि टेलरबाईंनी हिरवट-पांढरी फळं ओरबाडली. तेवढ्यात नणंदेच्या कचेरीतले साहेब सायकलवरून गेले. तिनं फांदी सोडली नाही, नुसतं नमस्कारासारखं डोकं हलवलं.

घरी आल्यावर टेलरबाईंनी आधी त्याच रेशमाच्या उरलेल्या कातरणावर मुद्दाम डाग पाडला आणि त्यावर कच्ची तुती चुरडली. जांभळ्याचा लाल, लालाचा गुलाबी, आणि गार पाण्यात तोही गेला. मग ड्रेस. नणंद दर मिनिटाला घड्याळ बघत होती, टेलरबाई मात्र कणीक मळावी तशा शांतपणे चोळत होत्या. रेशमाचा किडा तुतीच्याच पानावर पोसलेला, म्हणजे हे सगळं घरातलंच भांडण आहे, ते घरातच मिटेल, असं त्या म्हणाल्या. पाण्याची कड दिसू नये म्हणून त्यांनी पुढचा अख्खा भाग धुतला, सावलीत वाळवला, उलट्या बाजूनं मंद इस्त्री फिरवली. मग खिडकीशी जाऊन पाहिलं. डाग गेला होता. साडेचारला शेवटचं बटण लागलं.

आता बोलायची काही गरज नाही, असं नणंदेचं म्हणणं पडलं. टेलरबाईंनी ऐकून घेतलं, आणि हेडबाई आत आल्या आल्या डाग कुठे पडला, कसा पडला आणि कशानं काढला ते सगळं सांगून टाकलं. उद्या कोणाच्या नजरेला काही दिसलंच तर ते आधी आपल्या तोंडून गेलेलं बरं.

हेडबाईंनी चष्मा लावून कापड उजेडात धरलं. बराच वेळ शोधलं. मग आत जाऊन ड्रेस घालून आल्या.

"डागाचं राहू द्या. काखेत काचतंय, त्याचं बघा," त्या म्हणाल्या.

टेलरबाईंनी बोट घालून पाहिलं. खरंच काचत होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. त्या शिवण उसवायला बसल्या आणि नणंदेनं, कोणी न सांगता, सकाळच्या उरलेल्या पिकल्या तुतीचा वाडगा हेडबाईंपुढे नेऊन ठेवला. हेडबाई आधी एकेक करून खात होत्या, मग दोन-दोन. ड्रेस तयार झाल्यावर त्यांनी घ्यायला हात पुढे केला, तर टेलरबाईंनी तो मागं ओढला.

"आधी हात."

चाळीस वर्षं पोरींची नखं तपासलेल्या हेडबाई मुकाट्यानं मोरीकडे गेल्या, लिंबू आणि मीठ मागून घेतलं, आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवल्यावरच त्यांना ड्रेस मिळाला.