मक्त्याचं वावर

घाटंजीचा बैलबाजार उठला की ती यायची. व्यापारी दोर गुंडाळत असायचे, चहावाला भांडी घासत असायचा, आणि ही बाई कमरेला घमेलं लावून मैदानभर शेण गोळा करत फिरायची. कोणी हसलं तर मान वर न करता म्हणायची, "माणसाची बाटी झाली. आता वावराची." बाटी म्हणजे भाकरी.

तिच्या बंजारा तांड्यात सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागलो. मी जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा, पण ती मला डॉक्टर म्हणायची. त्यात आदर वगैरे काही नव्हता. तिच्या बैलाच्या खांद्याला सूज आली की खरे डॉक्टर तांड्यावर जात नसत आणि मी सायकल हाणत जायचो, एवढंच. पहिल्याच भेटीत तिनं मला दटावलं होतं, "सुई हळू मार रे. बैल हाये, पोतं नाही."

तिचं स्वतःचं वावर नव्हतं. नवरा गेल्यापासून ती मक्त्यानं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं, दुसऱ्याचं वावर करायची. तिच्यासारखीला चांगली जमीन कोण देणार? मिळायची ती दमलेली. पऱ्हाटीवर पऱ्हाटी, म्हणजे कापसावर कापूस घेऊन आणि वरून पोत्यातलं खत ओतून पार निकामी झालेली.

ते कापसाचे वाईट दिवस होते. कुठल्या ना कुठल्या गावाहून वाईट बातमी यायची, लोक माती देऊन परत यायचे आणि पेरणी आली की पुन्हा पऱ्हाटीच लावायचे. याडी मात्र पहिल्या वर्षी ज्वारी आणि तूर पेरायची, दुसऱ्या वर्षी मूग, आणि मग कुठं पऱ्हाटी. लोक ज्या पऱ्हाट्या उपटून जाळायचे, त्या ही भारे बांधून आणायची, तुकडे करायची आणि शेणाचा थर, पाल्याचा थर, असं करत खड्ड्यात कुजवायची. एकदा वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभं राहून एकानं विचारलं, "याडी, जवारी खाऊन कोण मोठं झालं?"

"मोठं नाही होत," ती म्हणाली. "जितं राह्यते."

तीन-चार वर्षांत वावर सुधारायचं. नांगराला ढेकूळ फुटायचं, पाणी मुरायचं. आणि मग मालक यायचा, धुऱ्यावरून नजर फिरवायचा आणि सांगायचा, "औंदा आमीच करतो." असं दोनदा झालं. ती पुन्हा नवं मेलेलं वावर शोधायची.

तिसरं वावर गावातल्या एका मोठ्या मालकाचं. त्यानं पारावर चार माणसांसमोर शब्द दिला, "तू हायेस तोवर तुलेच." ती भोळी नव्हती, पण या वेळी तिनं विश्वास ठेवला. खड्डा दुप्पट मोठा खणला.

एका वर्षी पावसाचा लांब खंड पडला. आजूबाजूची पऱ्हाटी माना टाकून उभी आणि हिची हिरवीगार. बाहेरून गाड्या भरून माणसं आली, त्यांनी फोटो काढले. पुढं गावात मांडव घालून सत्कार झाला. सत्कार मालकाचा, कारण सातबारा त्याचा. याडी बायांमध्ये मागं बसली होती. टाळ्या वाजल्या तशा तिनंही वाजवल्या. जाताना मला म्हणाली, "डॉक्टर, शाल वावराले पांघरायची होती. निदान ऊन तरी लागलं नसतं."

गुढीपाडव्याला मालकानं वावर परत घेतलं. दिलेल्या शब्दाबद्दल कोणी काही बोललं नाही. तिनं फक्त खड्ड्यातलं खत मागितलं. गाडी घेऊन गेली, तर मालकानं अडवलं.

"खड्डा माह्या वावरात हाये."

"शेण माह्या डोक्यावरून आलं, मालक."

पंच बसले. खत ज्या जमिनीत, त्या जमिनीचं, असा त्यांनी निवाडा दिला. तिनं रिकामी गाडी वळवली.

त्या हंगामात ती मला त्याच वावरात दिसली. कमरेला ओटी बांधून, रोजानं कापूस वेचत. मला राहवलं नाही. "याडी, इथं कायले आलीस?"

"वावराशी माहं भांडण नाही," ती म्हणाली आणि पुढच्या बोंडाकडं वळली.

मालकानं मग पऱ्हाटीवर पऱ्हाटीच घेतली. याडीनं घातलेलं काही वर्षं पुरलं. मग वावर पुन्हा कडक झालं. एक दिवस तो स्वतः तांड्यावर आला, तेव्हा मी तिच्या गाईची जखम धूत होतो.

"याडी, वावर घे पुन्हा मक्त्यानं. या वेळी कागद करून देतो."

मला वाटलं, ही आता त्याला सोलून काढणार. पण तिनं स्वतःच्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

"एका वावराले चार वर्ष लागते, मालक. माह्यापाशी आता तेवढे नाहीत."

तिच्या सुनेनं चहा आणला होता. तो न घेताच मालक निघून गेला. तो गेल्यावर ती रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आमच्याकडं ज्याचं वावर असतं, त्याला बहुधा त्याच्याच वावरात अग्नी देतात, बाकीच्यांना नाल्यावर. मालकानं निरोप पाठवला, माझ्या वावरात द्या, तिनं खूप केलंय तिथं. माणसं थबकली. त्याच्या मनात तेव्हा काही वाईट असेल, असं मला वाटत नाही.

तिचा मुलगा तिरडीला गाठ मारत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "राख बी त्याच्याच वावरात टाकू काय?"

आम्ही तिला नाल्यावर नेलं.