शंकररावांचा फिल्टर

आमच्या चौकातल्या स्टँडवर शंकरराव रिक्षाचा एअर फिल्टर काढून फुटपाथच्या काठावर आपटत होते. दर वेळी आपटला की काळी भुकटी उडायची आणि ते खोकायचे. तीस वर्षं रिक्षा चालवतायत, पण फिल्टर साफ करायला एक दिवस उशीर नाही.

"इंजिनाला स्वच्छ हवा लागते हो. नाहीतर चढावर धापा टाकतं," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "आणि तुम्ही? परवा माझी पिशवी वर आणताना पहिल्या मजल्यावरच दम लागून बसलात! रिक्षावाल्यांच्या आरोग्य शिबिरात फुप्फुसं तपासायला नळीत फुंकायला लावलं, डॉक्टरांनी दवाखान्यात बोलावलं. गेलात?"

"एक दिवस गाडी उभी राहते ना," ते हसले, आणि हसतानाच पुन्हा खोकले.

राग तरी कुणावर काढायचा? रिक्षाच्या धुराची तपासणी सक्तीची आहे. दिवसभर सगळ्यांचा धूर गिळणाऱ्या माणसाची नाही.

फिल्टरची कड पुसायला त्यांनी खिशातून एक पांढरं फडकं काढलं. शिबिरात मिळालेला मास्क होता तो, अजून घडीसुद्धा मोडली नव्हती. तो काळाकुट्ट होईपर्यंत त्यांनी फिल्टर मायेने पुसला.