पंचवीस वाक्यं

“पंचवीसच्या पंचवीस वाक्यं चुकलेली! तशीच झेरॉक्सला द्यायची होती?” विशाखा फणकारली.

“चुकलेलीच हवी होती, ताई! चुका शोधायचा पेपर होता तो.” उज्वलाचा आवाज चढला. “चाळीस पोरं तासभर नसलेल्या चुका शोधून राहिली!”

विशाखाने सव्वीस वर्षं रेणापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, लातूरहून रोज एसटीने जाऊन-येऊन. गल्लीतला इंग्रजी अर्ज तिच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय साहेबापर्यंत पोचत नसे. ती निवृत्त झाली आणि त्याच जूनमध्ये धाकट्या जावेने, मुखेडच्या उज्वलाने, घराच्याच पुढच्या खोलीत स्पर्धा परीक्षांचा क्लास काढला. आता अर्जही उज्वलाकडेच जात. पोरं दारातून विचारत, “काकू, मॅडम हायत का?” आणि विशाखा आत जाऊन मॅडमला बोलावून आणी.

आज सकाळी उज्वलाच्या पेपरचा कागद झेरॉक्सला नेण्यासाठी विशाखानेच उचलला. सूचनेच्या पानाची झेरॉक्स आधीच काढून झाली होती. हाती आली ती नुसती वाक्यं. पहिल्याच ओळीत चूक दिसली तसा तिच्या जिवाला गारवा वाटला. दुसरीत चूक, तिसरीत चूक. इतक्या चुका एका माणसाला जमतील कशा, हे तिच्या मनातही आलं नाही. तिने सगळी वाक्यं दुरुस्त करून मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढली, चाळीस प्रती केल्या आणि मूळ कागद नवऱ्याला दाखवायला पर्समध्ये ठेवला.

तो आता नवऱ्याच्या, अंबरीशच्या हातात होता.

“हे मला कशाला दाखवणार होतीस?”

विशाखाने पर्सची चेन ओढून बंद केली.

“कळलं न्हाई का, दादा?” उज्वला म्हणाली. “मला इंग्रजी येत न्हाई म्हणून.” तिने उत्तरांचा गठ्ठा टेबलावर टाकला. “एकट्या अलीझानं लिहिलंय, ‘एकही चूक नाही.’ बाकीच्यांनी ताईंच्या वाक्यांवर फुल्या मारल्यात.”

“माझ्या वाक्यांवर?”

विशाखाने गठ्ठा ओढला. एकेक कागद उलटत गेली. तिच्या अक्षरावर, तिच्या निर्दोष वाक्यांवर एकोणचाळीस जणांनी अंदाजाने फुल्या ठोकल्या होत्या. तिने लाल पेन काढलं.

“सोमवारपासून सकाळची बॅच मी घेणार,” ती म्हणाली. “सकाळचे डबे मी भरणार नाही, ज्याचे त्याने भरायचे. आणि उज्वला, पोरांना सांगून ठेव, मला काकू म्हणायचं नाही.”