गेटवेसमोर अक्कानं केलेलं भाषांतर

माझ्या अक्काला तिचा नवरा मराठीत मारायचा.

वाक्य विचित्र वाटेल. पण होतं तसंच.

आम्ही तीन पिढ्या बेंगळूरचे. भावजींचं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचं, मल्लेश्वरममध्ये साड्यांचं दुकान. बाहेर सगळा कारभार कानडीत, मराठी फक्त घरात.

गिऱ्हाइकांशी भावजी कानडीत इतके गोड बोलायचे की अख्खी गल्ली म्हणायची, अण्णा म्हणजे देवमाणूस.

घराचं दार लागलं की मराठी सुरू.

"भवाने, थोबाड फोडीन." "तंगडं मोडून हातात देईन."

आणि मग खरंच हात उठायचा. एकदा लाटणं. एकदा तापलेला कालथा. त्याचा डाग अक्काच्या दंडावर शेवटपर्यंत होता.

शेजारच्या शांताम्मांना आवाज जायचा, पण शब्द कळायचे नाहीत. ही मराठी माणसं मोठ्यानं बोलतात, एवढंच त्यांना वाटायचं.

कळायचं ते आम्हा घरच्यांना. आणि आमची आई अक्कालाच म्हणायची, "स्वल्प ॲडजस्ट कर, सुधा."

त्या ॲडजस्टची मला आजही चीड येते.

अक्काला आयुष्यात एकच हौस होती, मुंबई बघायची. समुद्र, आणि त्या जुन्या दगडी इमारती. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी तिघांचं फ्लाइट बुक केलं, आणि मुंबई दर्शनच्या बसमध्ये सीट्स.

बसमध्ये साताऱ्याची, नाशिकची, कोल्हापूरची माणसं.

सीएसटीसमोर बस हळू झाली. अक्का काचेला नाक लावून बघत होती. "अगं, हे स्टेशन आहे? मला राजवाडा वाटला."

भावजींनी तिच्या मांडीला कचकन चिमटा काढला. "तोंड मीट. गावंढळ दिसतेस."

राजाबाई टॉवरपाशी ती मान वर करून उभी राहिली, तर बरगडीत कोपर बसलं. तिनं पदर सावरला आणि परत वर बघितलं. म्हातारीची हौस बघा, असं मी तिला चिडवलं, तर हसलीसुद्धा.

गेटवेला मात्र तिला उशीर झाला. कमानीच्या दगडावरून हात फिरवत बसली होती. गाइड शिट्ट्या मारत होता, सगळे बसपाशी थांबले होते. ती धापा टाकत आली.

आणि भावजी सवयीनं सुरू झाले. मराठीत.

"रांडे, तुझ्या बापाची बस आहे का?"

फाडकन कानाखाली. अक्काचा ओठ फुटला, रक्त पदरावर आलं.

सगळी माणसं वळली. फोटोवाले, फुगेवाले, आमची अख्खी बस.

साताऱ्याच्या एक काकू पुढे आल्या. "ओ पाव्हणं, काय म्हणालात? परत म्हणा बरं."

भावजींचा तो चेहरा मी विसरणार नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं ते बोलणं बाहेरच्या कुणाला कळलं होतं. मुंबईत मराठी कळतं, हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गडबडून त्यांनी कानडी पकडली. अक्काचा दंड पिरगाळत, दात-ओठ खात, हळू आवाजात.

अक्कानं ओठ पुसला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आता हे म्हणतायत, लॉजवर चल, तुझा गळा दाबतो."

भावजी आणखी काही पुटपुटले.

"आता म्हणतायत, समुद्रात ढकलीन, कुणाला पत्ता लागणार नाही."

एकेक वाक्य. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

भावजींनी परत हात उगारला. तो लोकांनी वरच्या वर धरला. मग लोकांनी त्यांना मारलं. लाथा, बुक्क्या, कुणाची तरी छत्री. चष्म्याचा चुरा झाला, एक दात फुटपाथवर पडला.

मी "सोडा" म्हणाले नाही. मला बरं वाटत होतं.

अक्का तिकडे बघतच नव्हती. ती कमानीकडे बघत होती. "केवढी उंच आहे गं," म्हणाली.

त्यानंतर ती मल्लेश्वरमला गेलीच नाही. बेंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटवर राहिली.

भावजी एकदा आले. लाथा घालून दाराची कडी तोडली, अक्काचं मनगट मोडलं, आणि कॉरिडॉरमध्ये तीच मराठी. समोरच्या फ्लॅटमधला नागपूरचा पोरगा बॅट घेऊन बाहेर आला. "काका, समजून राहिलं मला सगळं."

पुन्हा आले नाहीत.

आज पहाटे अक्का गेली. हार्ट अटॅक.

दुपारी स्मशानघाटावर भावजी हजर. पांढरा शर्ट, हातात हार. ज्याला त्याला कानडीत, "एनु माडोदु, देवर इच्छे." काय करणार, देवाची इच्छा म्हणे.

मल्लेश्वरमची माणसं त्यांचे हात धरून रडत होती. शांताम्मा म्हणाल्या, पुण्यवान बाई, नवऱ्याच्या आधी गेली. भटजी म्हणाले, अग्नी नवऱ्यानंच द्यायचा.

भावजी पुढे झाले. मी आडवी उभी राहिले.

आणि कानडीत सांगायला लागले. लाटण्यापासून. भवानी, थोबाड, तंगडं, सगळ्याचं कानडी केलं. अक्कानं केलं होतं तसंच, एकेक वाक्य.

भावजी माझ्या अंगावर धावून आले. मराठीत ओरडले, "गप, नाहीतर तुलाही इथंच जाळीन."

मी त्याचंही कानडी केलं.

शांताम्मा पुढे आल्या. भावजींच्या हातातला हार त्यांनी ओढून फेकून दिला. दुकानाशेजारच्याच लोकांनी भावजींना कॉलरला धरून फाटकाबाहेर काढलं. तो हार सगळ्यांच्या पायाखाली गेला.

अग्नी मी दिला.

लोक भावपूर्ण श्रद्धांजली लिहितात, अक्का. माझी रागानं भरलेली आहे. तीच घे आणि जा.