बारकूच्या तोंडावरची लाल फुली

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सासरी, वैशाखऱ्याला ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होते. फोन भाचीचा, रंजनाचा. "आत्ये, बाबा गेलं." मी विचारलं, कसा गेला. "दाढी करीत व्हते. आरसा खाली पडला म्हणून बघाय गेले, तर झालं व्हतं सगळं." मी बरं म्हटलं आणि उरलेले वाल सोलून संपवले, कारण भिजवलेले वाल ठेवले तर वास मारतात आणि माणूस काही आता उठून बसणार नव्हता. मग मुरबाडची एसटी धरली, तिथून गाड्या बदलत खर्डी स्टेशनला उतरले. रिक्षावाल्याला सांगितलं, बारकूच्या घरी चल, आज गेला तो. त्याला कळेना. शेजारचा दुसरा रिक्षावाला तंबाखू मळत म्हणाला, "अरे घाईराम गेला ना, त्याच्याकडं." तेव्हा कुठं त्यानं रिक्षा चालू केली. माझ्या पाठच्या भावाच्या मयताला मी अशी त्या नावावर पोचले.

बारकू फार गुणी होता असं मी लिहिणार नाही. तो मिरवणारा होता. लहानपणापासून त्याला चार माणसांनी आपल्याकडे बघावं असं वाटायचं. आमच्या गावात बोहाडा होतो, रात्रभर संबळ-पिपाणीवर देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचवतात. त्राटिकेचं सोंग आमच्या घराकडं आहे, बापाकडून बारकूकडं आलं. एवढा मोठा मुखवटा तोंडावर बांधून तो असा नाचायचा की बाया पोरांचे डोळे झाकायच्या. पण सोंग घेण्याची आमच्याकडं एक रीत आहे. उजाडलं की मारुतीपुढं मुखवटा उतरवायचा, घरच्या बहिणीनं पायावर पाणी घालायचं आणि बापाचं नाव लावून त्याला हाक मारायची. त्यानं 'ओ' दिली की सोंग उतरलं, राक्षस गेला, आपला माणूस परत आला. ती ओ आल्याशिवाय त्याच्या हातात कोणी चहा देत नाही. लग्न होऊन मी मुरबाड तालुक्यात गेले तरी दर वर्षी त्या एका हाकेसाठी येत राहिले.

शहापूरजवळ हायवेला लागून एक कारखाना आहे, पत्र्याचे डबे दाबून काढतात. बारकू तिथं प्रेसवर होता. पूर्वी नवा माणूस आला की जुना माणूस त्याला आठवडाभर शेजारी उभा करून शिकवायचा, चुकला तर पाठीत धपाटा घालायचा. मग मुंबईच्या ऑफिसातून हुकूम आला की यापुढं शिकवणं मोबाईलवर. व्हिडिओ बघायचा, प्रश्नांवर बोट दाबायचं, पास झाला की गेटचं कार्ड चालू. प्रेसमध्ये पत्रा अडकला तर काय करावं याचा व्हिडिओ काढायला कॅमेरावाले आले. एक माणूस चुकीचं करणार, एक बरोबर. बरोबर करायला पांढऱ्या टोपीचा इंजिनिअर उभा राहिला. चुकीचं करायला कोणी तयार होईना. ट्रेनिंगच्या मॅडमनी विचारलं, नाटकात काम केलेलं कोणी आहे का. सगळ्यांनी बारकूकडं बोट दाखवलं आणि तो पुढं झाला. ढकलावा लागला नाही.

त्यानं ते सोंग किती रंगवलं हे त्यानंच मला हौसेनं करून दाखवलं होतं. एका हातानं मोबाईल कानाला, दुसऱ्या हातानं चालू मशीनमध्ये अडकलेला पत्रा ओढायचा. मग किंकाळी, मनगट धरून गोल फिरणं आणि जमिनीवर लोळण. लाल रंग शर्टावर. मशीनला आधी हात लावून पाया पडला, बोहाड्यात मुखवट्याला पडायचा तसा. "बाय, मॅडम म्हनली काका येकदम नॅचरल. तीनदा करून घेतलं." मी विचारलं, "मग टाळ्या वाजल्या का?" "वाजल्या ना. सायेब पन हसलं." माझ्यासमोर पुन्हा लोळला मेला, भर अंगणात, शेणानं सारवलेल्यावर.

व्हिडिओ पूर्ण झाला तेव्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून मोठ्या पडद्यावर दाखवला. त्यात त्याचं नाव घाईराम ठेवलेलं. तो लोळला तिथं चित्र थांबलं, घंटा खर्रकन वाजली आणि त्याच्या तोंडावर ही एवढी लाल फुली आली. फुलीचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढं इंजिनिअर आला, खटका बंद केला, खटक्याला कुलूप लावलं, आकडीनं पत्रा काढला, हिरवी खूण. ते बघताना निम्मे लोक जांभया देत होते. बाहेर येताना एक जण म्हणाला, "चला घाईराम, जेवाय चला," आणि बारकू हसला. पहिल्या दिवशी तो खरंच हसला होता.

मग ते नाव डब्यांबरोबर गेटाबाहेर पडलं. कारखान्यात आसपासच्या गावांचीच माणसं, त्यामुळं आठवड्याच्या आत ते वाण्याच्या दुकानात, रेशनच्या रांगेत, सगळीकडं पोचलं. तो व्हिडिओ त्या कंपनीच्या दुसऱ्या गावांच्या कारखान्यांतही गेला, वर हिंदी आवाज घालून. आमच्याकडच्या म्हशाच्या जत्रेला बारकू दर वर्षी माझ्याकडं उतरायचा. एकदा आम्ही बैल बघत उभे होतो तर कोण कुठली तीन माणसं आली, गुजरातकडची असावीत. "अरे, यह तो वही है," असं म्हणत त्यांनी त्याला मध्ये घेतलं आणि फोटोसाठी हात पुढं करायला लावला, मशीनमध्ये घालतात तसा. त्यानं केला. ते गेल्यावर म्हणाला, "बाय, हितं पन." मी म्हटलं, "तुलाच मिरवायचं होतं ना? मिरव." मला त्याची कीव आली नव्हती, राग आला होता. इतकी वर्षं प्रेसवर राहून त्याची दहाच्या दहा बोटं जागेवर होती, आणि दोन राज्यांतले लोक त्याला हात तुटलेला मूर्ख म्हणून ओळखत होते.

त्याच्या डोक्यात मात्र रीत बसली होती. तो मॅडमकडं गेला. मागणी साधी होती. व्हिडिओच्या शेवटी त्याला एकदा उभा करावा, त्यानं हेल्मेट काढावं, आपलं नाव बापासकट सांगावं आणि खटका बंद करून पत्रा बरोबर काढून दाखवावा. "सोंग उतरवून द्या, मॅडम. घातलं तुमी, उतरवनार पन तुमीच." मॅडम म्हणाल्या, "काका, व्हिडिओ मुंबईत मंजूर झालाय, मी बघते." पुढच्या वर्षी गेला, तेव्हा मॅडम बदलल्या होत्या. नव्या मॅडमही म्हणाल्या बघते.

आणि ही परीक्षा एकदा दिली की संपली, असं नाही. दर वर्षी सगळ्यांना पुन्हा द्यावी लागते, बारकूलाही. मोबाईलवर त्याचाच फोटो यायचा, मशीनमध्ये हात घातलेला, खाली प्रश्न, या कामगाराचं वागणं कसं आहे? बरोबर की चूक? दर वर्षी तो आपल्याच तोंडावर चूक दाबायचा आणि कामावर जायचा. एका वर्षी त्यानं बरोबर दाबलं. मोबाईल म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. त्यानं पुन्हा बरोबर दाबलं. सकाळची पाळी आत गेली, हा गेटवर उभा, कार्ड चालेना. वॉचमन म्हणाला, "घाईराम, काय रे, सवताच्या पेपरात नापास?" शेवटी चूक दाबलं तेव्हा गेट उघडलं आणि अर्धा दिवस कापला. हे मला सांगताना तो हसत होता, पण भाकरी तशीच ताटात होती.

मग कारखान्यात एकाची बोटं गेली. जेवणाच्या सुट्टीत नवे कामगार बारकूची नक्कल करायचे, मोबाईल कानाला, हात पुढं, किंकाळी. इंजिनिअरची नक्कल कोण करणार... त्यात करण्यासारखं काय होतं? आसनगावकडचा एक नवा लागलेला माणूस एकदा पाळीवर, मशीन चालू असताना, शेजारच्याला हसवायला घाईराम करायला गेला. मशीनला नक्कल कळत नाही. दोन बोटं गेली. चौकशीत कंपनीनं त्याचं ट्रेनिंग दाखवलं. पैकीच्या पैकी गुण होते. बारकूच्या फोटोखाली त्यानं चूक दाबलेलं होतं, म्हणजे त्याला माहीत होतं, म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली. त्या माणसाची आई रिक्षा करून बारकूच्या दारात आली. तिला एवढंच सांगितलं होतं की तो शिकवणीचा व्हिडिओ आणि त्यात शिकवणारा हा. "मास्तर हायस ना तू? माज्या पोराला ह्येच शिकवलंस? तुजा हात झडो." बारकू उंबऱ्यावर उभा राहून ऐकत होता. मी मास्तर नाही, मी सोंग होतो, हे त्या बाईला कसं सांगणार? रंजना मध्ये पडली तर तिलाही शिव्या. बाई गेल्यावर तो हातपाय धुऊन आत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅडमकडं गेला. व्हिडिओ काढून टाका म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "उलट काका, आता तर त्याची जास्त गरज आहे."

त्या साली बोहाड्याला मी गेले. त्राटिका निघाली, संबळ कडाडला, आणि पोरांनी डोळे झाकले नाहीत. पोरं ओरडली, "घाईराम आला, घाईराम आला." मोठी माणसं हसली. त्राटिकेनं तलवार उगारली तर एकानं मोबाईल कानाला लावून हात पुढं केला. बारकू तरीही नाचला, पूर्ण फेरी नाचला. उजाडल्यावर मारुतीपुढं मुखवटा उतरला, मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाले. मी बापाचं नाव लावून हाक मारायच्या आत मागून कोणीतरी मजेत हाक दिली, "ओ घाईराम." आणि बारकूनं ओ दिली. तोंडातून निघून गेली, सवयीनं. मग त्याला कळलं. मी त्याच्या नावानं हाक मारली, एकदा, दोनदा... दुसरी ओ आली नाही. चहावाल्यानं तरी त्याच्या हातात चहा दिला. रीत आता एवढी कोण बघतं? मी तांब्या तिथंच रिकामा केला आणि दुपारच्या गाडीनं परत आले. त्यानंतर मी त्याला जिवंत पाहिलं नाही.

मयताला कंपनीचे लोक आले, हार घेऊन. मॅडम रंजनाला म्हणाल्या, "बाबा आमच्यासाठी कायम राहतील. प्रत्येक नवा माणूस त्यांना बघूनच आत येईल." चांगल्या मनानं म्हणाल्या असतील. गावातल्या तरुणांनी नाक्यावर श्रद्धांजलीचा बोर्ड लावला, त्यावर पिवळं हेल्मेट घातलेला फोटो, त्याच व्हिडिओतून घेतलेला. फुली तेवढी पुसलेली होती. दुसरा फोटो नव्हता का म्हणून मी विचारलं. "ह्यो सगळ्यांना माहीत हाय, आजी."

रंजना नवऱ्यानं टाकलेली, बापाकडंच राहत होती. कंपनीनं तिला बापाच्या जागी पॅकिंगला घेतलं. मी दिवस होईपर्यंत तिच्याकडं राहिले. ते झाल्यावर एका संध्याकाळी ती चुलीसमोर मोबाईल घेऊन बसली, कामावर जायच्या आधी ट्रेनिंग पूर्ण करायचं होतं. पॅकिंगवाल्यांनाही सगळे धडे बघावे लागतात, पुढं ढकलता येत नाहीत. भात शिजत होता. मला एकदम बारकूची किंकाळी ऐकू आली. मी बघितलं तर तो रंजनाच्या तळहातावर लोळत होता, शर्ट लाल. मग घंटा, मग फुली. मग तो फोटो आणि खाली प्रश्न. ती बघत राहिली. मोबाईल विझायला आला की बोटानं जागा करायची, पण उत्तर दाबेना.

"आत्ये, बरोबर दाबलं तर?"

"तुझ्या बापानं दाबून बघितलंय. गेट उघडत नाय."

"माज्याच हातानं?"

"मग कोनाच्या? उद्या पाळी हाय तुजी. दाब."

तिचं बोट हलेना. भात लागायला आला होता. मी तिचा हात धरला, तिचं बोट माझ्या बोटात घेतलं आणि चूक वर दाबलं. मोबाईलमधून टाळ्या वाजल्या, शाब्बास अशी अक्षरं आली आणि लगेच पुढचा धडा सुरू झाला, शिडी कशी लावावी याचा. रंजनानं पदरानं तोंड पुसलं आणि शिडी बघायला लागली. मी भात उतरवला.

त्राटिकेचा मुखवटा त्या घरात खुंटीला आहे, वर जुनं धोतर झाकलेलं. यंदा तो कोणी घेणार नाही. पण ते दुसरं सोंग दर वर्षी निघेल, आणि दर वर्षी त्याच्या पोरीला ते तळहातावर नाचवून त्याच्या तोंडावर चूक दाबायची आहे, नोकरी आहे तोवर. मी निघाले तेव्हा दारातून त्याच्या पूर्ण नावानं एकदा हाक मारली. रीत माझी होती, ती मी केली. आतून रंजना म्हणाली, "आत्ये, काय राहिलं का?" मी काही नाही म्हटलं आणि रिक्षाला हात केला.