धाकू पाष्टेचा दम

कबड्डी हा दमाचा खेळ आणि धाकू पाष्टेला होता दमा. एवढं वाक्य उच्चारलं तरी आमच्या कॅनिंगमधली जुनी माणसं अजून हसतात. हसणाऱ्यांत मीही असतो. पण पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे माझं हसू जरा वेगळं असतं.

मी भार्गवी कॅनिंगचा टाइमकीपर. मिरजोळ्याला एमआयडीसीत आमची फॅक्टरी, आंब्याचा रस डब्यात भरायची. मालक गोपाळकृष्ण अण्णा. त्यांनी फॅक्टरीला नातीचं नाव दिलं आणि उरलेल्या हौसेपोटी कामगारांचा कबड्डी संघ काढला. माझं आणि खेळाचं कधी जमलं नाही. अंगाला माती फासून दुसऱ्याचे पाय ओढण्यात काय पुरुषार्थ आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पाय ओढायचेच तर ते ऑफिसात बसूनही ओढता येतात. पण माझं अक्षर चांगलं. "फॉर्म भरायला, गुण लिहायला कुणीतरी हवाच," असं म्हणून अण्णांनी मला संघाचा चिटणीस करून टाकलं. चांगल्या अक्षराचा माणसाला जन्मभर ताप होतो.

धाकू डबे बंद करायच्या मशीनवर होता. वय सेहेचाळीस, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी आणि छातीत कायम एक बारीक शिटी. धाक होता तो फक्त नावात. मशीनखाली झोपणारी मांजरसुद्धा त्याच्या पायात येऊन बसायची. लहानपणी वाडीतली पोरं हुतुतू खेळायची तेव्हा हा कडेला बसून त्यांचे सदरे सांभाळायचा. तो खेळायला उतरला की दोन मिनिटांत छाती वाजायला लागे आणि पोरं त्याला पुन्हा सदऱ्यांपाशी नेऊन बसवत. हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

संध्याकाळी पाळी सुटली की धाकू गोडाऊनमागच्या मैदानावर जायचा. तिथे मूळचा सगळा कातळ. शेतातली माती आणून, चाळून, भिजवून, घरचं अंगण चोपतात तशी चोपून त्याने त्यावर मैदान केलं होतं. धूळ त्याला सोसायची नाही म्हणून नाकातोंडाला पंचा बांधून काम करायचा. त्याची बायको चिमा आमच्याकडेच आंबे निवडायला होती. तिला हा उद्योग बिलकूल पसंत नव्हता. ती कुंपणाशी उभी राहायची आणि नवऱ्याची छाती वाजू लागली की हाक मारायची, "अवो, दम खावा वायच!" ती ऐकली की धाकूने हातातला पाण्याचा पाइप टाकून बसकण मारलीच म्हणून समजा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. या एका बाबतीत त्याने तिच्याशी कधी वाद घातला नाही.

पण त्याला एक गोष्ट येत होती, ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. सराव संपल्यावर मैदान झाडायच्या आधी तो वाकून मातीतली पावलं बघायचा. कोण घाबरून मागे सरकला, कोणी वळताना टाच टेकली, कोण कंटाळून नुसता उभा होता, हे त्याला पावलांवरून कळायचं. एकदा त्याने मलाही सांगितलं, "भाऊ, तुमी आज मैदानातनं गेलात. उजव्या पायाला चप्पल चावतंय तुमाला." चप्पल खरंच चावत होती. मी त्याला तसं कबूल केलं नाही.

दोन हजार सालचा डिसेंबर. जिल्ह्यातल्या सात कंपन्यांची व्यावसायिक गटाची साखळी सुरू झाली. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं आणि पहिल्या चौघांनी पुढे जायचं. आमचे प्रशिक्षक बाळासर, पांढरे बूट आणि गळ्यात शिटी. चढाईला रघू, जिल्ह्यात ज्याचं नाव होतं असा आमचा एकुलता एक खेळाडू. पहिले दोन सामने आम्ही आरामात जिंकलो. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी धाकू बाळासरांकडे गेला.

"सर, रघूची डावी टाच उठंनाशी झालीय. वळताना पाय घसटतोय. गुडघा दुखत असंल त्येचा."

"धाकू, तू पाणी मार," बाळासर म्हणाले.

रघूला विचारलं तर तोही नाहीच म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाचव्या मिनिटाला वळता वळता तो खाली बसला तो उठलाच नाही. गुडघ्याला प्लास्टर लागलं आणि आम्ही तो सामना हरलो. आठवड्याने बाळासरांना लोट्याकडच्या एका कंपनीत जास्त चांगली नोकरी लागली. ते गेले, जाताना तीन खेळाडू घेऊन गेले आणि शिटीही घेऊन गेले. शिटी आमच्या कंपनीची होती, हे मी पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही.

अण्णा वैतागले. "बस झाला संघ. मैदानावर पेट्या ठेवायला शेड घालतो," म्हणाले. हे ऐकलं आणि धाकू जन्मात पहिल्यांदा केबिनमध्ये आला. सोबत रामा होता, आमचा कप्तान आणि कोपऱ्याचा पकडवाला. धाकू दाराशीच उभा राहिला.

"अण्णानू, येवडा मोसम होऊन जाऊ द्या."

"अरे, पण शिकवणार कोण पोरांना?"

धाकूने रामाकडे बघितलं. "धाकूदादा शिकवतील," रामा म्हणाला. "आमचे पाय त्यांच्याइतके कुणाला म्हायती हायत?"

अण्णा इतके हसले की त्यांनाच ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाले, "ठीक. पहिल्या चारात या, मैदान तुमचं. नाही आलात तर मे महिन्यात तिथे शेड उभी राहील." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आमची काडी तर दमेकरी होती.

धाकूने पोरांना एकही डाव शिकवला नाही, कारण त्याला येतच नव्हता. रोज सकाळी पाळीच्या आधी तो एकेकाला मैदानात न्यायचा आणि आदल्या दिवशीची त्याची पावलं दाखवायचा. "ह्ये बग, हितं तू भ्यालास. आनी हितं तुला वाटलं, आता रामा धरंल, मी कशाला जाऊ." पोरं शरमायची. प्रशिक्षकाला थाप मारता येते, मातीला कशी मारणार? त्यांचा खेळ सुधारला. पुढच्या दोन सामन्यांतला एक हरलो, एक जिंकलो. म्हणजे सगळं शेवटच्या सामन्यावर आलं. जिंकलो तर चौथे, हरलो तर शेड. सामना खेडला आणि समोर बाळासरांचा नवा संघ.

त्यात आयोजकांनी तारीख धरली ती ऐन शिमग्यात. ज्याने कुणी ती धरली तो रत्नागिरी जिल्ह्यातला नसावा. शिमग्यात पालखी घरी येणार म्हटल्यावर इथला माणूस नोकरी सोडील पण घर सोडणार नाही. आमच्या एका खेळाडूकडे नेमकी त्याच दिवशी पालखी येणार होती. "देव दारात येतंय आनी मी खेडला जाऊ?" त्याने विचारलं. बारातले तीन बाळासरांनी नेले, रघू प्लास्टरमध्ये, एक पालखीपाशी. राहिले सात. यादीचा कागद भरताना खालच्या रिकाम्या ओळी मला बघवेनात. आठव्या ओळीत मी सुंदर अक्षरात लिहिलं: धाकू बाबू पाष्टे. त्याला सांगितलं नाही.

आंब्याच्या पेट्या वाहायच्या टेंपोतून आम्ही खेडला गेलो. चिमावहिनीही आली, कारण नवऱ्याचा दम्याचा पंप तो स्वतः सांभाळील यावर तिचा विश्वास नव्हता. सामना काय वर्णावा! मी, खेळाचा वैरी, गुण लिहिता लिहिता दोनदा उभा राहिलो आणि पंचांनी मला खाली बसवलं. शेवटी अशी वेळ आली की आमचे चोवीस, त्यांचे बावीस, वीस सेकंद बाकी आणि चढाई आमची. मैदानात आमचे दोघेच उरलेले, रामा आणि एक चढाईवाला. आणि त्या चढाईवाल्याच्या पोटरीत गोळा आला. तो जमिनीवर लोळायला लागला. पंचांनी घड्याळ थांबवलं.

"बदली खेळाडू?" पंच म्हणाले आणि त्यांनी माझी यादी हातात घेतली. "धाकू बाबू पाष्टे?"

धाकूने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याचं घर विकलं होतं. "भाऊ, ह्ये काय केलात?"

"ओळ रिकामी होती," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

रामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, मी गेलो आनी धरला गेलो तर मागं तुमी एकटे. तुमाला हात लावला की लोण, त्येंना वरचे दोन गुण, आनी आपला खेळ खलास. तुमी जावा. काय मारू नका, कुणाला शिवू नका. निदान रेषा ओलांडा आनी वेळ काढा. वीस सेकंद दम धरा, बस."

वीस सेकंद. दोन जिने चढल्यावर ज्याला भिंतीला टेकून उभं राहावं लागे, त्याला वीस सेकंद एका श्वासात काढायची होती. धाकूने सदरा काढला. तो कुणाच्या हातात द्यावा हे त्याला कळेना, म्हणून मी पुढे होऊन घेतला. पलीकडच्या बाकावर बाळासर मोठ्याने हसले. मला त्यांची शिटी त्यांच्याच घशात घालावीशी वाटली.

"कबड्डी, कबड्डी..." धाकू निघाला. धावला नाही, मैदान झाडताना चालायचा तसाच चालला. निदान रेषेपलीकडे पाऊल टाकलं, मागे आला आणि मध्यरेषेजवळ डावीउजवीकडे सरकत राहिला. पाच सेकंदांत छातीतली शिटी वाजू लागली आणि ती आम्हाला बाहेर ऐकू आली. समोरच्या पोरांनाही आली. ती एकमेकांकडे बघून हसू लागली. म्हाताऱ्याचा दम आपोआप सुटणार, उगाच अंगाला माती कशाला लावून घ्या, असा त्यांनी हिशेब केला आणि थांबली. दहा सेकंद. धाकूचा चेहरा पिकल्या रातांब्यासारखा लालबुंद झाला. बारा. चौदा. आता बाळासरांच्या डोक्यात उजेड पडला. "अरे धरा त्याला!" ते ओरडले. धाकूने खाली बघितलं, पुढे सरकणाऱ्या पोरांचे पाय बघितले आणि डावीकडचा झेपावणार हे ओळखून आधीच उजवीकडे झाला. पोरगा मातीत तोंडावर पडला. सतरा. अठरा.

आणि बायकांच्या घोळक्यातून सवयीची हाक आली, "अवो, दम खावा!"

सव्वीस वर्षांचा संसार. धाकूने दम खाल्ला. मैदानाच्या मधोमध, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आज्ञाधारकपणे. 'कबड्डी' थांबली, पंचाने शिटी मारली आणि हात वर केला: बाद. त्याच क्षणी वेळ संपल्याचीही शिटी झाली. दोन्ही शिट्या इतक्या एकात एक मिसळल्या की काय झालं ते कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. त्यांना एक गुण. चोवीस-तेवीस. जिंकलो होतो.

पोरांनी धाकूला उचललं आणि लगेच खाली ठेवलं, कारण त्याला श्वास घेता येईना. चिमावहिनी पंप घेऊन धावत आली आणि रडायलाच लागली. "माज्यामुळं बाद झालात. माज्या तोंडाला कुलूप का नाय लागला?" मी तिला गुणांचा हिशेब समजावायला गेलो, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. माती उडाली होती, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

थोडा श्वास आल्यावर धाकू पहिलं वाक्य बोलला ते मला. "भाऊ, लिवलात?"

"काय?"

"माजा बाद. कागदावर लिवलात काय?"

मी गुणपत्रक त्याच्यासमोर धरलं. आठव्या ओळीत त्याचं नाव होतं आणि नावापुढे मी नियमाप्रमाणे बादची खूण केली होती. धाकूने ती बघितली. मग चिमावहिनीचा हात धरून तिचं बोट बरोबर त्या खुणेवर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"रडतंस कशाला? अगो, बाद व्हायला आदी आत असावं लागतं," धाकू म्हणाला. "मी जलमभर भायर हुतो."

ती त्या खुणेकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "बरं. आता पंप घ्या."